सुनेला आधी सांगा, मग अर्ज भरा

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही मूळचे दांडिया बाजारातले, पाच-सहा वर्षांपूर्वी मांजलपुरात फ्लॅट घेतला. घरात मी, हे, सासरे, मुलगा आणि सून. मुलगा मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत इंजिनिअर आहे, मध्ये चौदा महिने दुबईला होता. आता दोघांचं कॅनडाच्या पीआरचं, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीचं, चाललंय. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत कॅनडाकडून पूर्ण अर्ज भरायचं निमंत्रण येईल म्हणतात. त्यासाठी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी, काढायचंय. मुलाच्या पासपोर्टवर दांडिया बाजारचा पत्ता आहे, सुनेच्या पासपोर्टवर ग्वाल्हेरचा, माहेरचा. सासरे ८४ वर्षांचे. घरी पोलीस येतील म्हटल्यावर ते भरल्या ताटावरून उठले. म्हणाले, आपल्या दारात आजवर पोलीस आलेला नाही.

अजून एक आहे. मुलगा कॉलेजात असताना नवरात्रात गरब्याच्या पार्किंगमध्ये मारामारी झाली होती. पोलिसांनी सात-आठ मुलांना रात्रभर ठाण्यात बसवलं, दुसऱ्या दिवशी सह्या घेऊन सोडलं. ह्यांनी समोरच्या मुलाच्या वडिलांना भेटून समाधान केलं. नंतर एकही कागद आला नाही. सुनेला यातलं काही ठाऊक नाही. एजंट म्हणतो, कुठेही काही लिहू नका, बारा हजारात ठाण्याचं मी बघतो. मुलाचा पासपोर्टही त्याच्याकडेच आहे. हे म्हणतात देऊन टाकू. मुलगा गप्प आहे. मला झोप लागत नाही. नाव छापू नका.

एक आई, बडोदे

उत्तर

ताई,

पत्ता, फी, अपॉइंटमेंट, सासऱ्यांची नाराजी, या सगळ्याला उत्तर आहे आणि ते अवघड नाही. पण 'अजून एक आहे' म्हणून तुम्ही जे लिहिलंत ते मी आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यावर अडलेलं आहे. तुमची झोपही त्यानंच उडवली आहे.

एजंटचं ऐकू नका. पैसे देऊ नका आणि लपवूही नका.

गुजरातच्या ठाण्यांमधल्या नोंदी आता ई-गुजकॉप या पोलिसांच्या संगणक प्रणालीवर आहेत. पीसीसीचा अर्ज पोलिसांकडे गेला की नाव, वडिलांचं नाव, पत्ता टाकून ते तपासतात. एका ठाण्यातल्या एका माणसाला बारा हजार देऊन ती नोंद पुसली जात नाही, आणि कोर्टात प्रकरण गेलं असेल तर त्या कागदाला ठाण्यातला कुणी हातही लावू शकत नाही. एजंट जे विकतोय ते त्याच्याकडे नाही. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली तर सात दिवसांत कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो, पण स्वतःहून, काम सोपं व्हावं म्हणून देणाऱ्याला देत नाही. मुलाचं चारित्र्य स्वच्छ आहे असं सरकारकडून लिहून घ्यायचं, आणि त्यासाठीच एक गुन्हा करायचा, हे तुमच्या घराला शोभणारं नाही.

आता खरा प्रश्न. त्या रात्री नेमकं काय झालं, म्हणजे कागदावर काय झालं, हे तुमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. तुम्ही म्हणता समाधान झालं. दोन वडिलांनी चहा पिऊन एकमेकांचा हात हातात घेतला, ही चांगली गोष्ट झाली. पण एफआयआर नोंदला गेला असेल तर तेवढ्यानं तो मिटत नाही. आणि 'एकही कागद आला नाही' हे वाचून मला हायसं वाटलं नाही. तुम्ही दांडिया बाजार सोडून मांजलपुरात आलात. समन्स निघालं असेल तर ते जुन्या दारावरच गेलं असणार.

शक्यता चार-पाच आहेत.

सगळ्यात हलकी म्हणजे नुसती अरजी, म्हणजे तक्रारीचा अर्ज, घेतली असेल किंवा जाणवाजोग, म्हणजे केवळ माहितीसाठीची, नोंद केली असेल. त्यात गुन्हा दाखलच होत नाही.

दुसरी, आणि तुमच्या वर्णनावरून मला हीच जास्त संभवते, ती म्हणजे अटकायती कारवाई. सणासुदीत पोरांची मारामारी झाली, पुन्हा होऊ नये म्हणून पोलीस रात्रभर ठेवतात, दुसऱ्या दिवशी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करून शांतता राखण्याचा जामीन लिहून घेतात. 'सह्या घेऊन सोडलं' म्हणता त्या सह्या बहुधा त्याच. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही कलमं १०७ आणि १५१ होती, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती १२६ आणि १७० झाली आहेत. लोक याला चॅप्टर केस म्हणतात. असा जामीन जास्तीत जास्त एक वर्षाचा असतो, मुदत संपली की प्रकरण संपतं. ही शिक्षा नव्हे.

तिसरी, एफआयआर झाला, पण पोलिसांनी तपास करून समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, भरली आणि कोर्टानं ती मान्य केली. तेही संपलेलंच.

चौथी, आरोपपत्र गेलं आणि कोर्टासमोर तडजोड नोंदवली गेली. साध्या मारहाणीचं, जुन्या भारतीय दंड संहितेतलं ३२३ कलम असं मिटवता येत होतं, आणि कोर्टासमोर मिटलं की त्याचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच असतो. पण तिथे मुलगा किंवा त्याचा वकील हजर असायला हवा होता, आणि तसं काही तुम्हाला आठवत नाही.

पाचवी शक्यता म्हणजे केस अजून चालू आहे आणि तुमच्या घरात कुणाला पत्ता नाही. घाबरवत नाही, पण याची तयारी हवी. पाच किंवा जास्त जण असले की पोलीस बेकायदा जमावाची आणि दंग्याची कलमं लावू शकतात. त्याच जुन्या दंड संहितेतलं दंग्याचं १४७ कलम आपसात मिटवता येत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या संमतीनं अहमदाबादेत सोल्याला, गुजरात हायकोर्टात जाऊन एफआयआर रद्द करून घ्यावा लागतो. हे होतं, नेहमी होतं, फक्त वेळ लागतो. आणि तारखांना गैरहजर राहिल्यामुळे वॉरंट निघालं असेल तर वकिलाबरोबर कोर्टात हजर होऊन ते रद्द करून घ्यायला हवं. म्हणूनच मुलाला एकट्याला ठाण्यात 'जरा विचारून ये' म्हणून पाठवू नका.

सुरुवात घरात बसूनच करा. ई-कोर्ट्सच्या साइटवर किंवा ॲपवर राज्य, जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावानं शोधता येतं. चालू आणि निकाली, दोन्ही प्रकारांत बघा. नाव इंग्रजीत टाकावं लागतं आणि आपल्या मराठी आडनावांची गुजराती कारकुनांनी केलेली स्पेलिंगं चमत्कारिक असतात, म्हणून तीन-चार तऱ्हांनी टाकून बघा. त्या रात्री जी मुलं बरोबर होती त्यांच्याही नावांनी बघा. एखाद्याचं सापडलं तर सगळ्यांचं सापडेल. मग फौजदारी बाजूचा एक साधा वकील करा. पूर्वी न्यायमंदिरात भरणारी कोर्टं आता दिवाळीपुऱ्याच्या इमारतीत आहेत, तिथला रोजचा वकील एफआयआर नंबर, केस नंबर आणि प्रकरणाची स्थिती काढून देईल आणि प्रमाणित नकलेचा अर्ज करेल. ठाण्यातली नोंद हवी असेल तर माहिती अधिकारातही मागता येते, उत्तर ३० दिवसांत द्यायचं असतं.

मुलाचा पासपोर्ट त्या नवरात्राच्या आधीचा आहे की नंतरचा, हेही बघा. नंतरचा असेल आणि पोलीस तपासणी होऊन मिळाला असेल, तर तेव्हा पोलिसांना अडण्यासारखं काही दिसलं नव्हतं असा त्याचा अर्थ. हा पुरावा नव्हे, पण थोडा धीर नक्की घ्या.

याच ओघात एक गोष्ट इतर वाचकांसाठी लिहिते, कारण आपल्या गुजरातेत ती फार घरांत आहे. 'पिधेला'ची, म्हणजे दारू प्यायल्याची केस. मित्राच्या पार्टीत पोरगं सापडलं, दारूबंदीखाली केस झाली, कोर्टात दंड भरला आणि सुटला. घरचे समजतात ट्रॅफिकचा दंड भरावा तसा भरला. तसं नसतं. गुन्हा कबूल करून दंड भरला असेल तर कागदावर ती शिक्षाच असते. अशा मुलांनीही पीसीसीच्या आधी निकालाची प्रमाणित प्रत हातात घ्यावी.

ताई, आता सुनेचं.

तिला सांगायलाच हवं, आणि अर्ज भरण्याआधी. याला एक कायद्याचं कारण आहे, ते आधी सांगते. कॅनडाच्या अर्जात पार्श्वभूमीबद्दल जे प्रश्न असतात ते आपल्या पीसीसीच्या अर्जातल्या प्रश्नांपेक्षा वेगळे आहेत. आपल्याकडे विचारतात, कोर्टात फौजदारी प्रकरण चालू आहे का, शिक्षा झाली आहे का, वॉरंट आहे का. चॅप्टर केस दहा वर्षांपूर्वी संपली असेल तर यांची खरी उत्तरं 'नाही' अशीच आहेत. कॅनडा मात्र असंही विचारतो की तुम्हाला कधी ताब्यात घेतलं होतं का, कोठडीत ठेवलं होतं का. त्याचं खरं उत्तर 'हो' आहे, मग भारतातलं पीसीसी कितीही स्वच्छ येवो. एजंट नेमका इथेच पोरांना बुडवतो. 'पीसीसी क्लिअर आलंय ना, मग सगळीकडे नाही लिहा,' असं तो सांगतो, आणि मुलं लिहितात.

खोटी किंवा अपुरी माहिती दिल्याचं उघड झालं तर कॅनडा अर्ज नाकारतो आणि पाच वर्षं बंदी घालतो. सून याच अर्जात आहे. मुख्य अर्जदाराच्या एका 'नाही'मुळे तिचाही अर्ज जाईल. ती स्वतःच्या कागदांवर सही करणार, आणि कशावर करते आहे हे तिला माहीत नसणार. हा अन्याय आहे, ताई, आणि तो करणारं घर तुमचं असावं असं तुम्हालाही वाटत नाही, म्हणून तर झोप लागत नाही.

'हो' लिहिलं म्हणजे दार बंद झालं असं मुळीच नाही. सोबत एक पानाचं स्पष्टीकरण जोडायचं: तारीख, जागा, काय झालं, पोलिसांनी काय केलं, प्रकरण कसं संपलं. त्याला कोर्टाची किंवा दंडाधिकाऱ्यांची प्रमाणित नक्कल. आपल्याकडचे कागद गुजरातीत असतात, त्यांचं इंग्रजी भाषांतर लागेल. ते घरच्या माणसानं केलेलं चालत नाही, बाहेरच्या भाषांतरकाराकडून करून घ्या. विसाव्या वर्षी पार्किंगमध्ये झालेली धक्काबुक्की, शिक्षा नाही, त्यानंतर दुसरं काही नाही, हे कागदांसकट समोर ठेवलं तर वाचणारा अधिकारी त्याचं वजन तेवढंच धरतो. तेच लपवलेलं सापडलं की त्याला मारामारीपेक्षा लपवणं मोठं दिसतं.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी सुनेला कळायला हवं. ती या माणसाबरोबर परक्या देशात निघाली आहे. तिथे पहिला हिवाळा दोघं एकमेकांच्या भरवशावर काढणार आहेत. हे तिला विमानात बसण्याआधी नवऱ्याच्या तोंडून कळलं, तर ती एक संध्याकाळ रागावेल. तिकडच्या ऑफिसच्या पत्रातून कळलं तर ती पुढे काय काय तपासत बसेल, याचा विचार करा.

सांगायचं मात्र मुलानं. तुम्ही नाही, आणि ह्यांनी तर नाहीच. तुम्ही तिघं बैठक मांडून बसलात तर तिला वाटेल की सारं घर एका बाजूला होतं. मुलाला एवढंच म्हणा, 'या रविवारपर्यंत तू तिला सांग. काय सांगायचं ते तू ठरव, पण सगळं सांग.' त्या दोघांना बाहेर जाऊ द्या, कमाटी बागेत फिरू देत नाहीतर कुठेही, पण घरातल्या भिंतींना कान असताना नको. मुलगा गप्प आहे म्हणता, तर माझा अंदाज असा की त्यालाही हे सांगून मोकळं व्हायचं आहे आणि वडिलांनी 'बोलायचं नाही' म्हटल्यामुळे तो थांबला आहे.

ह्यांच्यावर रागावू नका. तेव्हा मुलगा लहान होता, शेजारपाजारचा धाक होता, त्यांनी बापाच्या मायेनं मिटवलं. त्यांना दुखावणारं वाक्य कुणीही न बोलता हे पार पडू शकतं. त्यांना एक काम द्या. त्या वेळी कोण कोण होतं, कुठलं ठाणं, कुठल्या ऑफिसात सह्या झाल्या, हे सगळं त्यांनाच जास्त आठवणार. ते वकिलापुढे बसून सांगतील तेव्हा त्यांनाही हलकं वाटेल.

सासऱ्यांकडे येते. ८४ वर्षांच्या माणसाला 'काही नाही हो, नुसती फॉर्मॅलिटी आहे' म्हणून उडवू नका. त्यांच्या पिढीत दारात पोलीस येणं म्हणजे काय होतं ते त्यांनी पाहिलं आहे. त्यांच्याजवळ बसून सांगा की हा तपास आरोप ठेवण्यासाठी होत नाही. परदेशात नोकरीला किंवा राहायला जाण्यासाठी पीसीसी काढणाऱ्या प्रत्येकाचा होतो, डॉक्टरचा, नर्सचा, प्रोफेसरचा. कधी घरी साध्या कपड्यांतला माणूस येतो, कधी ठाण्यातून फोन येतो, कधी नोंदी बघूनच काम होतं. तुमच्याकडे कुणी आलंच तर आधार, लाइट बिल, पासपोर्ट बघेल, किती वर्षं राहता विचारेल, कदाचित शेजारच्या दोघांची नावं घेईल. शेजाऱ्यांना तुम्हीच आधी सांगून ठेवा, म्हणजे कुजबुज व्हायला जागा उरणार नाही. आणि माझं ऐकाल तर त्या माणसाला आजोबांच्या समोरच बसवा. 'हे माझे सासरे, घर यांचं' म्हणून ओळख करून द्या. एवढ्या वयाच्या माणसाशी आपल्याकडचा पोलीसही आदरानं बोलतो. पाणी जरूर द्या, आल्यागेल्याला देतोच आपण. पाकीट देऊ नका. पीसीसीची फी पासपोर्ट खात्याला भरलेली असते, पोलिसाला काहीही द्यायचं नसतं. मागितलेच तर गुजरातच्या लाचलुचपत खात्याचा १०६४ हा नंबर फोनमध्ये ठेवा.

अर्जाचं काम त्या मानानं थोडकं आहे. परदेशासाठीचं पीसीसी पासपोर्ट खातं देतं, ठाण्यातून मिळणारा चारित्र्याचा दाखला वेगळा, तो कॅनडासाठी काढत बसू नका. पासपोर्ट सेवेच्या सरकारी साइटवर खातं उघडून मुलाचा आणि सुनेचा असे दोन वेगळे अर्ज करायचे, प्रत्येकी ५०० रुपये ऑनलाइन भरायचे आणि अपॉइंटमेंट घ्यायची. साइटचा पत्ता 'गव्ह डॉट इन'नं संपतो, हे नीट बघा. तसंच नाव घेतलेल्या खोट्या साइट्स आहेत आणि त्या जास्त पैसे घेतात. बडोद्यात पासपोर्ट सेवा केंद्र आहे, ते अहमदाबादच्या विभागीय कार्यालयाखाली येतं. तिथे तारीख लांबची मिळाली तर २८ सप्टेंबर २०२२ पासून पोस्ट ऑफिसातल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही पीसीसीचा अर्ज घेतात, तेही बघा. जाताना मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दोन-दोन पानांच्या सही केलेल्या प्रती आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा. कुठे अडलं तर १८००-२५८-१८०० हा त्यांचा टोल फ्री नंबर आहे.

पत्त्याची भीती काढून टाका. जिथे खरोखर राहता तिथूनच अर्ज करायचा. दांडिया बाजारचा पत्ता पासपोर्टवर आहे म्हणून तिथल्या जुन्या शेजाऱ्याला 'आमचा मुलगा इथेच राहतो' म्हणायला सांगू नका, बरेच जण असं करतात आणि अहवाल उलटा येतो. आधी दोघांच्या आधारवर मांजलपुरचा पत्ता करून घ्या. सून किती दिवसांपासून इथे आहे ते खरं लिहायचं, ग्वाल्हेरकडे चौकशी गेली तर जाऊ दे, थोडे दिवस जास्त लागतील इतकंच. लग्नानंतर तिनं नाव बदललं नसेल तर पीसीसीसाठी बदलायची गरज नाही. मात्र कुणाचा पासपोर्ट संपत आला असेल, किंवा नाव-पत्ता बदलून नवा काढायचाच असेल, तर तो आधी काढा. पीसीसीवर पासपोर्टचा नंबर असतो.

वेळेचं गणित असं आहे. निमंत्रण आलं की पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात, आणि पीसीसी त्याच वेळी जोडायचं असतं. सध्या राहता त्या देशाचं पीसीसी अर्ज भरताना सहा महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही. म्हणून वकिलाचं काम आजच सुरू करा आणि केसची स्थिती कळली की लगेच पीसीसीचा अर्ज टाका. केस चालू निघाली तर पीसीसी अडू शकतं. अशा वेळी निमंत्रणाच्या मागे धावू नका. आधी केस मिटवा, निमंत्रण पुन्हा येऊ शकतं.

दुबईचं विसरलात की काय, असं वाटलं, कारण पत्रात त्याबद्दल काही विचारलेलं नाही. कॅनडाला मागच्या दहा वर्षांत, वयाच्या अठराव्या वर्षानंतर, जिथे सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाचं पोलीस प्रमाणपत्र लागतं. मुलगा चौदा महिने तिथे होता, म्हणजे दुबईचंही लागणार, आणि ते आपलं पासपोर्ट खातं देत नाही, तिथल्या पोलिसांकडून मागवावं लागतं. देश सोडलेल्या माणसाकडे बोटांचे ठसे मागतात, ते घेऊन प्रमाणित करून पाठवण्यात दिवस जातात. पण मुलगा तिथून परतला आहे, म्हणून परतल्यानंतर काढलेलं असलं की ते जुनं झालं असं होत नाही. तेव्हा ते आधी मागवून ठेवायला हरकत नाही. तिथला जुना व्हिसा, एमिरेट्स आयडीची प्रत शोधून ठेवायला सांगा.

तुम्ही उद्या त्यांना भेटायला जाल तेव्हा तुम्हाला यातलं काही लागणार नाही. फिरायच्या व्हिसासाठी पीसीसी देतही नाहीत.

राहिला एजंट. कॅनडाच्या अर्जाबद्दल पैसे घेऊन सल्ला द्यायचा अधिकार तिथल्या वकिलांना, क्युबेकच्या नोटरींना आणि परवानाधारक कन्सल्टंटना आहे. परवानाधारकांची यादी कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या साइटवर कुणालाही बघता येते. मुलानं त्यात एजंटचं नाव शोधावं. नसेल तर त्याच्याकडून पुढचं काही करून घेऊ नका. कॅनडाच्या खात्याचा लॉगिन आणि पासवर्ड त्यानं बनवला असेल तर तो मुलानं स्वतःच्या ईमेलवर घ्यावा आणि आधी भरलेल्या प्रोफाइलमध्ये त्यानं काय काय लिहिलंय ते ओळ न ओळ वाचावं. चुकीचं काही असेल तर ते निमंत्रणाच्या आधी दुरुस्त करता येतं.

आणि मुलाचा पासपोर्ट त्याच्याकडे का आहे? पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते, ती गहाण ठेवल्यासारखी कुणाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची नाही. सेवा केंद्रात तो मूळच लागतो. तो आणायला मुलानंच जावं, आणि एकटं जाऊ नये, ह्यांना बरोबर न्यावं. फीचं काही देणं निघत असेल तर ते पावती घेऊन चुकतं करा, बारा हजार सोडून.